सहज निघणारं लेबल

ज्या लेबलामुळे माझा थोरला भाऊ गेला, ते लेबल मी पास केलं होतं. हे वाक्य मी घरात कुणापुढे बोललेले नाही, म्हणून आधी इथे लिहून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी ते कुठेतरी गुंडाळून ठेवीन. स्वतःला मी चांगली ओळखते.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचा एक कारखाना आहे, तिथे मी माल तपासायचं काम करते. पाच लिटरचे पांढरे डबे, मूठ असलेले, लाल झाकणाचे. वितळलेल्या प्लास्टिकची नळी साच्यात उतरते, आत हवा फुंकली की डबा तयार. डबा करणं सोपं, त्यावर काही लिहिणं कठीण. हे प्लास्टिक अंगानेच तेलकट. नुसतं छापलं तर दुसऱ्या दिवशी नखाने शाई सुटते. छापण्याआधी डबा निळ्या ज्योतीवरून झरकन फिरवून घेतला तर मात्र शाई अशी धरते की घासणारा थकतो.

तीन वर्षांपूर्वी आंब्यावरच्या फवारणीचं औषध बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे डब्यांची चौकशी केली. औषध म्हणजे विष. पण आमच्या बाजूला कलमांवर मारायच्या विषाला औषधच म्हणतात, आणि त्या शब्दाचंही मला आता काही कौतुक उरलेलं नाही. डब्यावर धोक्याची खूण, कवटी आणि खाली ठळक 'विष', कशाने उमटवायची ते आम्ही सुचवायचं होतं. मालकांनी ते काम माझ्यावर टाकलं.

मला हे काम मनापासून आवडलं. खोटं का बोलू? एरवी दिवसभर डबे वजन करायचे, भोकं शोधायची, आणि कुणी शहाणपणा केला की त्याच्याशी भांडायचं. इथे डोकं चालवायला मिळत होतं. मी चार प्रकारचे नमुने केले. एक चिकट लेबलाचा. एक ज्योत देऊन छापलेला. एक लेसरने कोरलेला. त्याचं पांढऱ्यावर जेमतेम राखाडी उमटलं, म्हातारं माणूस ते वाचणार नाही, म्हणून तो मी लगेच बाद केला. आणि एक साच्यातच कवटी खोदून काढलेला, म्हणजे डब्याच्या अंगावरच ती उठून यायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बोटाला, अंधारातसुद्धा, ती लागली असती.

मग मी ते नमुने आमच्या पद्धतीने छळले. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवले, पत्र्यावर उन्हात टाकले, रॉकेलच्या बोळ्याने पुसले. शेवटी घरून नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, नेलं आणि राख लावून घासले. मालक हसले. म्हणाले, "ही कुठली टेस्ट?" मी म्हटलं, "साहेब, हीच खरी टेस्ट." चिकट लेबल दोन मिनिटांत निघालं, मागे डागसुद्धा नाही. छापलेलं फिकट झालं पण राहिलं. खोदलेल्या कवटीला काय होणार?

कंपनीचे विक्री अधिकारी घाटावरून आले. टेबलावर डबे मांडून मी बोलायला उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आमच्याकडे रिकामा डबा कुणी टाकत नाही. सोडणाने घासायचा, लेबल निघालं की तो घरचा झाला. मग त्यात पाणी भरतात, कोकमाचं आगळ भरतात. म्हणून सांगते, कवटी साच्यातच खोदा. बाई डबा घरात घेणारच नाही."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे डबा चांगला असला तर लोक तेच औषध घेतात?"

"घेतात तर! दुकानदाराकडे डबा बघूनच मागतात," मी म्हटलं. चांगली तोऱ्यात म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या गावचं काहीतरी शिकवतोय या आनंदात होते मी.

त्यांनी चिकट लेबल निवडलं. वर सांगितलं, डिंक जरा हलका वापरा, लेबल एका तुकड्यात निघायला हवं. कायद्याला लागतं ते सगळं लेबलावर आहेच, डब्यावर कवटी खोदून गिऱ्हाईक कशाला घालवायचं? मी वाचवायला म्हणून जे सांगितलं, तेच त्यांनी विकायला वापरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना शंभरदा ऐकवली असेल.

मी भांडले का? नाही. कारखान्यात मला तोंडाळ म्हणतात, भल्याभल्यांचा माल मी परत पाठवलेला आहे. पण त्या दिवशी मंजुरीचा कागद समोर आला आणि मी 'योग्य' असं लिहून सही केली. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी लालूच दाखवली नव्हती. साडेसहा वाजून गेले होते, मांडवीची रिक्षा मिळाली असती तर बरं असं मनात होतं. आणि एक विचार असाही आला की लोकांना आपापली अक्कल असतेच. हा विचार फार सोयीचा असतो.

दादाची कलमं आरे-वारेच्या वरच्या अंगाला, कातळावर. फार नाहीत, पण घर त्यांच्यावर चालायचं. तिथे पाणी नाही. प्यायचं पाणी घरच्या विहिरीवरून भरून न्यावं लागतं. त्याचे जुने डबे गळायला लागले होते. आमच्याकडे वजनात किंचित कमी उतरलेले नवे डबे कामगारांना घरी न्यायला देतात. त्यातले चार मी दादाला नेऊन दिले. कोरे, स्वच्छ, त्यात कधी काही भरलेलं नाही.

"ब्येस हायत गो," दादा म्हणाला. "आता पान्याची कटकट गेली."

फवारणीचं औषध त्याच साच्यातल्या, तसल्याच पांढऱ्या डब्यातून दुकानात येतं हे मला ठाऊक होतं. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? पण त्या डब्यावर लेबल आहे की, असं मी मनाशी म्हटलं.

गेल्या मोहोराच्या दिवसांत दादाची फवारणी चालू होती. एक डबा अर्धा उरला, तो संध्याकाळी घरी आणला. डब्याच्या अंगावरून औषध ओघळलेलं होतं. घरात लहान नातवंडं. वहिनीने तो डबा विहिरीवर नेऊन साबणाने बाहेरून स्वच्छ धुतला, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. हलका डिंक होता. लेबल तिच्या हातात आलं, अगदी कंपनीला हवं होतं तसं, एका तुकड्यात. तिने डबा मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपटात, एका कोपऱ्यात वेगळा ठेवला आणि दादाला तसं सांगितलंही. सकाळी फवारणीच्या पंपावरच्या गड्याने मांगरातलं सगळं सामान उचललं आणि कलमांत पाण्याच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलं.

अकरा वाजता उन्हात दादाने डबा उचलला आणि तोंडाला लावला. लोक मला विचारतात, वास कसा आला नाही? सकाळपासून जो माणूस त्याच वासात न्हालेला आहे, ज्याच्या तोंडावरच्या फडक्याला तोच वास आहे, त्याला वेगळा वास कसला येणार? दोन घोट गेले. तिसरा त्याने थुंकला. गड्याला म्हणाला, "ह्यां पानी नाय रे."

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्याच्या तोंडाला फेस येत होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं, म्हणजे उतारा देता येईल. लेबल वहिनीने चुलीत टाकलेलं. नाव मी सांगितलं, त्यातलं रसायन किती टक्के तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं तुम्हाला माहीत होतं." त्या लेबलाचं प्रूफ मी स्वतः तपासलेलं होतं, एकेक अक्षर. तीन दिवस आशा होती. दुसऱ्या दिवशी तर त्याने माझा हात धरला आणि खुणेने विचारलं, उरलेल्या कलमांवर फवारणी झाली काय? मी झाली म्हटलं. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला.

पोलिसांनी अपघात लिहून घेतला. बरोबरच लिहिलं, त्यांनी आणखी काय लिहायचं?

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर गेले आणि मालकांना म्हटलं, साच्यात कवटी खोदायचं परत बोला त्या कंपनीशी. त्यांनी बिचाऱ्यांनी फोन केला. तिकडून उत्तर आलं की लेबलाबद्दल एकही तक्रार नाही, उलट डब्याला मागणी आहे. मालक माझ्याकडे बघत नव्हते. मशीन चालूच होतं, आणि त्या पाळीला तेच डबे पडत होते. मी बाकावर बसले आणि तपासायला लागले.

वहिनी जेवत नाही, असं पुतण्याने कळवलं म्हणून मी पुढच्या रविवारी गेले. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत लाल झालेले. पुतण्या म्हणाला, दिवसातून दहादा धुते. मी जवळ बसले. तशी ती म्हणाली,

"वन्सं, मी तो डबा धुतला नसता तर?"

"असं मनात आणू नका, वहिनी."

"पोरांच्या हाताला लागंल म्हनून धुतला हो. ती चिठ्ठी निगाली ती मी काय मुद्दाम काढली नाय." तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने विचारलं, "तुमी तर त्याच कामात हाव. डब्यावर जाणार नाय असं पक्कं काय लिवता येत नाय काय?"

मी सगळं सांगू शकले असते. येतं, वहिनी. दोन तऱ्हांनी येतं, दोन्ही मी माझ्या हाताने करून पाहिल्या होत्या, आणि तिसऱ्या तऱ्हेवर सही केली. एवढं सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं, जिथे ते असायला हवं. तिने मला घराबाहेर काढलं असतं, शिव्याशाप दिले असते, पण त्या दिवशी ती दोन घास जेवली असती.

"नाही हो," मी म्हटलं. "हे प्लास्टिक तेलकट असतं. त्याच्यावर काही टिकत नाही."

तिने दोन-तीनदा मान हलवली.

"मग माजंच चुकलं," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.