वरून ओळ, खालून जाळ
गिसोपबाबा गेले तेव्हा त्यांची भट्टी पेटलेली होती. आत किमचीचं लोणचं घालायचे, सोया मुरवायचे मोठाले रांजण आणि जाळ ऐन भरात. आता लाकूड थांबलं की सगळे तडकणार.

वर घरात बाप निजलेला, खाली आग. मधल्या उतारावर तेगोन, त्यांचा एकुलता एक.

त्या डोंगरात सगळेच कुंभार, सगळेच ख्रिस्ती. कुणी गेलं की प्रार्थना गायची. दोन बाजूंनी बसायचं, एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उत्तर द्यायचं. सुरुवात गिसोपबाबांचीच. भट्टी पेटलेली असली तरी हा माणूस उठून चालू लागायचा. किती रांजण फुटले, देवाला ठाऊक. आग सांभाळायला घरात कुणीतरी हवं म्हणून तर तेगोननं शाळा सोडली.

"बाबा, मेलेल्याला कसली घाई? घाई आगीला असते!" तो खेकसायचा.

"त्याची बायको एकटी बसलीय रे," एवढंच म्हणून बाबा निघायचे.

घरीही तेच. संध्याकाळी सगळ्यांना प्रार्थनेला बसवायचे, कुत्र्यालासुद्धा उठू द्यायचे नाहीत. मग बायकोची कंबर शेकत बसायचे, अगदी परवापर्यंत.

आणि आज त्यांच्याच प्रार्थनेला मुलगा नाही? लोक काय म्हणतील ते गेलं खड्ड्यात, पण आई काय म्हणेल? तेगोनला पाय उचलवेना.

शेजारची होंग आजी काठी टेकत खाली आली.

"काय रे मेल्या, बापासाठी गाणार नाहीस?"

"शेवटची भट्टी आहे त्यांची, आजी. फुटू देऊ?"

आजी आगीजवळ सरकली. "माझा म्हातारा गेला ना, तेव्हा तुझ्या बापाची अख्खी भट्टी फुटली. मला बोलला नाही कधी. मला कळलं होतं."

तिनं काठी फेकली, बसायला एक ओंडका ओढला आणि वर तोंड करून ओरडली, "एक बाजू तिथंच बसा! दुसरी इकडं या!"

अर्धा गाव उतरून भट्टीपाशी बसला.

वरून पहिली ओळ आली. आईचा आवाज. जन्मात कधी पहिली ओळ न म्हटलेल्या बाईचा. खालून उत्तर गेलं, त्यात तेगोनचंही होतं. शब्द न शब्द त्याला पाठ होता, कधी मुद्दाम न शिकता. वरून ओळ, खालून उत्तर, उत्तराबरोबर लाकूड. आग श्वास घेतल्यासारखी गावाबरोबर वरखाली होत होती.

बाबांना माती दिली. भट्टी निवल्यावर तेगोननं एकेक रांजण बोटानं वाजवून पाहिला. सगळे खणखणीत. सगळ्यात मोठा पाठीवर घेऊन तो होंग आजीच्या दारात उभा राहिला.

"एकट्या बाईला एवढं धूड कशाला रे?"

"एकटी कुठं? संध्याकाळी प्रार्थनेला या. आई वाट बघते."

"आणि तुझं ते कुत्रं?"

"तेही बसतं."