जपून ठेवलेली कॅसेट

जुन्या कॅसेटच्या फितीचा वास आला, की जाफराबादच्या नदीकाठी झालेला मित्राचा दहावा आठवतो. ऊन चढलं तरी पिंडाला कावळा शिवत नव्हता. त्याच्या चुलत्यानं चहा ठेवला, विडी ठेवली. शेवटी त्याची आई मला म्हणाली, "त्याचा जीव त्या बोंबलायच्या कॅसेटीत अडकला रे बाबा. तुझ्याजवळच हाये ना ती? मंग सांग त्याला, जपतो म्हणून." हेवी मेटलची ती त्याची सर्वांत लाडकी कॅसेट होती आणि महिन्यापूर्वीच मी तिच्यावर बहिणीच्या लग्नासाठी सनई भरून घेतली होती. मी हात जोडले. "जपून ठेवली हाये, गड्या." कावळा उतरला. आई माझ्या पाठीवर हात ठेवून रडली. कॅसेट अजून माझ्याकडे आहे. लावली की सनई वाजते.