धाकटीचं तूप

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. राजपुऱ्यात आमच्या घरी माझी दोन भावंडं पिवळी पडून गेली होती, दोघंही दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत. मग धाकटी झाली. आठव्या महिन्यात तिच्याही डोळ्यांत हळद उतरली. पोट टम्म, हातापायांच्या काड्या. आणि भूक अशी, की नुसती वाटी वाजली तरी रडायची.

माय म्हणायची, "ती दोघं हिच्या तोंडून खातात." म्हणून दर अवसेला ती त्यांच्या नावाची दोन पानं मागच्या ओट्यावर मांडायची. मला तिकडे बघायचीही चोरी. सकाळी पानं चाटूनपुसून साफ. कुत्रं असेल, मांजर असेल; पण मला मेलीला घाम फुटायचा.

धाकटीचे लंगोट तापीवर धुवायचं काम माझं. मी दहा वर्षांची. लंगोट बुडवला की पाण्यावर तेलाचा तवंग पसरायचा. खाल्लेलं तूप जसंच्या तसं बाहेर पडत होतं. मायला सांगितलं, तर म्हणाली, "मग अजून घालू."

सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डाक्टरांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "लिव्हरचा हा आजार आईबापाच्या रक्तातून येतो. लिव्हरशेजारच्या ग्रंथीचा रस तूप पचवतो, हिला तोही उतरत नाही. तूप बंद. भाताची पेज द्या, ताकाचं पाणी द्या."

घरी येताच माय म्हणाली, "काडी झालेल्या पोरीचं तूप तोडू? वैरीण आहे का मी?"

भरवायचं कामही माझंच होतं. चमचा धाकटीच्या ओठांपर्यंत न्यायचा आणि तूप आपणच गिळायचं, असं मी सुरू केलं. आवडीनं नाही, कुठे सांडलं असतं तर मायला वास आला असता. पंधरा दिवसांत तवंग गेला. धाकटी हसायला लागली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मायलाही झाला. "लागलं बघ तूप अंगी," म्हणत तिनं चमचा माझ्या हातून घेतला आणि दुप्पट भरवायला लागली. तेव्हा मात्र घाबरून मी सगळं सांगून टाकलं. मायनं माझे गाल चाचपले. ते भरले होते. मग ती धाकटीला भरवत राहिली.

महिन्याभरात धाकटी गेली.

पुढच्या अवसेला मायनं तीन पानं मांडली. तिसऱ्यावर भात वाढला, वर तूप सोडलं आणि मला हाक मारली.

"बस," ती म्हणाली. "तिचं तूच खातेस ना."

मी बसले. भात संपेपर्यंत माय पदरानं वारा घालत होती, धाकटीला घालायची तसाच.