पहिल्या स्लाइडवरच्या चपला

माझ्या नणंदेला हॉस्पिटलात सगळे दशांशताई म्हणतात, आणि त्यात कुणाचीच चूक नाही. भाजी खारट झाली तर साधा माणूस तोंड वाकडं करतो. आमच्या ताई म्हणतात, या आठवड्यात मीठ जास्त पडण्याचं प्रमाण वाढलंय. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे पहिल्यांदा ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. पुढे कळलं की हा टोमणा नव्हताच. प्रमाण का वाढलं असेल, याची त्यांना मनापासून काळजी लागून राहिली होती.

आम्ही दोघी एकाच मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला आहोत. मी तळघरातलं स्टोअर सांभाळते. चादरी, हातमोजे, बेडपॅन, साबण, म्हणजे औषध सोडून जे जे लागतं ते सगळं माझ्या ताब्यात. ताई वरच्या नोंदी विभागात बसतात. तिथली खिडकी उघडली की समोर जनरेटर, त्यामुळे ती कुणी उघडत नाही. कोण आलं, कशासाठी आलं, किती दिवस राहिलं, काय होऊन गेलं, ही सगळी माहिती त्यांच्याकडे येते आणि तिच्यातून काहीतरी अर्थ काढणं हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतात. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, अजून त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही.

तर झालं असं, की दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वॉर्डात माणसं पडायला लागली. हा वॉर्ड बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा. पोटाच्या तक्रारीसाठी आलेला माणूस कॉटवरून उतरतो, पडतो आणि खुब्याचं हाड मोडून घेतो. घरचे आरडाओरडा करतात, आणि का नाही करणार? साहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी, ताईंना याच्या मुळाशी जायला सांगितलं.

ताई मुळाशी गेल्या. दिवसभरात कधीतरी एखादा पडतो, ते सगळीकडेच होतं. पण संध्याकाळची पाळी संपून रात्रीची सुरू होते, त्या अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त माणसं पडत होती. कारण होतं मेट्रनबाईंचा जुना नियम. जाणाऱ्या आणि येणाऱ्या सगळ्या सिस्टर कोपऱ्यातल्या खोलीत जमायच्या, दार लावून घ्यायच्या आणि एकेका रुग्णाची माहिती एकमेकींना द्यायच्या. नियमामागचा हेतू चांगलाच होता. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये. पण त्या दाराआड कॉटवरची घंटा ऐकू येत नाही. आणि नेमकी हीच वेळ झोपण्याआधी बाथरूमला जायची. माणूस घंटा दाबतो, वाट बघतो, पुन्हा दाबतो, आणि मग आपलं आपण जाऊ म्हणून उठतो. डोळ्यांच्या वॉर्डात अशी खोलीच नाही, तिथे सिस्टर कॉटपाशीच बोलतात, आणि तिथे या वेळेला कुणी पडत नाही. ताईंनी तेही ताडून पाहिलं होतं. उपाय फुकटचा होता. एका सिस्टरला बाहेर ठेवा.

एवढं सोपं असताना ताईंनी पहिल्या मीटिंगमध्ये त्याचा पार चुथडा केला. खरेदीचं काही निघालं तर असावी म्हणून मलाही मागच्या खुर्चीत बसवलं होतं, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकेका स्लाइडवर एवढे रकाने की मुंग्यांची रांग परवडली. ताई लोकांकडे पाठ करून पडद्याशी बोलत होत्या. प्रत्येक आकडा सांगायच्या आधी तो कुठे कुठे कच्चा असू शकतो ते सांगत होत्या. साहेब आधी "पुढे घ्या" म्हणाले, मग फोन बघत "पुढे घ्या" म्हणाले, आणि दाराची गोष्ट आली तेव्हा ते फोनवर बोलत बाहेर गेले होते.

दुपारी डबा उघडल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, कुणी घराचा पत्ता विचारला तर तुम्ही आधी विटांची भट्टी दाखवायला नेता. त्या रागावल्या नाहीत. भट्टी न बघता लोक घरावर विश्वास कसा ठेवतात, एवढंच त्यांनी मला विचारलं, आणि ते खरंच विचारलं.

पुढच्या महिन्यात हॉस्पिटलनं सगळ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं. कोट घातलेले एक गृहस्थ आले. आकडे लोकांसमोर कसे मांडायचे ते त्यांनी शिकवलं, आणि खोटं कशाला बोलू, माणूस चोख होता. एका वेळी एकच मुद्दा. स्लाइडचं शीर्षक म्हणजे पूर्ण वाक्य हवं, नुसतं नाव नको. जिथे नजर जायला हवी तिथेच रंग भरा, बाकी सगळं राखाडी ठेवा. आणि आकड्याला चेहरा द्या, कारण लोक आकडा विसरतात, गोष्ट विसरत नाहीत. साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. ताई मागे बसून एखाद्या नव्या विद्यार्थिनीसारख्या लिहून घेत होत्या.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू झाली. कोटवाल्यांनी सांगितलं होतं की विषयातलं काही न कळणारा माणूस समोर बसवा. असा माणूस घरात होताच. प्रत्येक स्लाइड बघून माझ्या नवऱ्यानं काय कळलं ते एका वाक्यात सांगायचं. पहिले काही दिवस तो "छान आहे" एवढंच म्हणायचा, आणि ताई ती स्लाइड काढून टाकायच्या. जन्मभर एकही दशांश न सोडलेली बाई दर संध्याकाळी दहा गोष्टी सोडत होती. मला त्यांचं कौतुकही वाटायचं आणि वाईटही. शेवटी एक आलेख उरला. दिवसाच्या तासांचे राखाडी खांब, आणि पाळी बदलायच्या वेळेचा एकच खांब लाल, सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा. वर वाक्य: "रुग्ण पडतात ते दार बंद असताना." नवरा म्हणाला, "मग दार उघडा की." ताई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

राहिला चेहरा. दुसऱ्या मजल्यावर एक शिंपीकाका होते. पडले होते, हात मोडला होता. तीनदा घंटा दाबून कुणी आलं नाही म्हणून उठले होते. माझी गोष्ट सांगा, असं त्यांनी ताईंना आनंदानं सांगितलं. पण रुग्णाचा चेहरा दाखवायचा नाही, हा हॉस्पिटलचा नियम. मग दाखवायचं काय? ताईंनी कॉटखालच्या त्यांच्या चपलांचा फोटो काढला. रबरी चपला, टाचेशी झिजून कागदासारख्या झालेल्या, आणि एका चपलेचा तुटलेला पट्टा काळ्या दोऱ्यानं स्वतः शिवलेला. टाका इतका सुबक की मशीनला लाजवील. "बास," नवरा म्हणाला, "हाच फोटो पहिला." त्याचं एवढं ठाम मत मी लग्नाच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

दुसरी मीटिंग. दिवे मंद केले आणि भिंतभर त्या चपला आल्या. ताई लोकांकडे तोंड करून बोलल्या, सावकाश बोलल्या. साहेबांनी फोन उपडा ठेवला. मग लाल खांब आला. मेट्रनबाईंचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, जमलं. पण साहेबांची नजर अजून मागच्याच स्लाइडवर असल्यासारखी होती. त्यांनी हात वर केला.

"त्या चपलांचा तळ पूर्ण गुळगुळीत झाला होता?"

"हो," ताई म्हणाल्या, "पण..."

हा पण पुढे कुणी ऐकूनच घेतला नाही. मेट्रनबाईंना एकदम कंठ फुटला. घरच्या चपलांवर बंदी आणा असं त्या म्हणे कधीपासून सांगत होत्या. मग एकेकाला आपापले गुळगुळीत अनुभव आठवले. साहेबांच्या वडिलांचा पाय असाच घसरला होता, ते सांगताना त्यांचा आवाज खरोखर जड झाला. पाच मिनिटांत ठरलं की त्या वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला न घसरणाऱ्या चपला द्यायच्या. साहेबांनी माझ्याकडे वळून त्या किती लवकर मागवता येतील ते विचारलं. ताई अजून लाल खांबापाशी उभ्या होत्या. त्यांनी दाराचं पुन्हा काढलं. साहेब हसले, अगदी प्रेमानं हसले.

"ताई, एका वेळी एकच मुद्दा. तुम्हीही होतात ना प्रशिक्षणाला?"

माझ्या हातात तेव्हा नुसती वही होती, म्हणून त्यांचं निभावलं.

चपला आल्या. खोकी माझ्या स्टोअरच्या छतापर्यंत. मापं फक्त दोन, एक पायातून निसटणारं आणि दुसरं चावणारं. ताईंना उत्कृष्ट सादरीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजल्या. आणि दुसऱ्या मजल्यावर माणसं आधीसारखीच, आधीच्याच वेळेला पडत राहिली. ताई साहेबांची वेळ मागायला गेल्या की त्यांच्या ऑफिसातली मुलगी विचारायची, चपलांचं काम झालं ना, मग आता काय? मग एक आजी पडल्या. तपासण्यांसाठी आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी घरी जायच्या होत्या. खुबा गेला. पायांत नव्या चपला नीट बसलेल्या होत्या आणि घंटा दाबली की कॉटवर लागणारा दिवा पेटलेला होता.

त्या संध्याकाळी ताई माझ्याबरोबर घरी निघाल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि पाळी बदलायच्या वेळेला त्या बंद दारापाशी उभ्या राहिल्या. कुठे घंटेचा दिवा लागला की दार वाजवायच्या. सिस्टर बाहेर येईपर्यंत वाजवत राहायच्या. सिस्टर वैतागल्या. मेट्रनबाईंनी नोंदी विभागात तक्रार केली, तर नोंदी पडताळते आहे असं उत्तर ताईंनी लेखी दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. घरी त्यांचं ताट झाकून ठेवायची सवय लागली. नवरा कुरकुरायचा, मी त्याला गप्प करायची, आणि मनातून मीच जास्त कुरकुरत होते. पगार आकडेमोडीचा आणि काम पहारेकऱ्याचं, हा कुठला न्याय?

काही महिन्यांनी तिसरी मीटिंग झाली. या वेळी स्लाइड साहेबांनी स्वतः केली होती. लाल खांब खाली आला होता, बाकीच्या खांबांएवढा. वर वाक्य: "चपलांनी रुग्ण सावरले." शीर्षक पूर्ण वाक्यात होतं, रंग जिथे हवा तिथेच होता. ही स्लाइड दुसऱ्या हॉस्पिटलांनाही दाखवायची ठरत होती.

ताई उठल्या. म्हणाल्या की ही घट चपलांची नाही. रोज त्या वेळेला मी तिथे उभी असते आणि दार वाजवते.

साहेबांना हे ठाऊक नव्हतं, त्यांना गहिवरूनच आलं. "म्हणजे तुमचंच सादरीकरण तुमच्या मनाला इतकं भिडलं," ते म्हणाले. "हेही शेवटच्या स्लाइडवर घालू." ताईंनी पुन्हा सांगितलं की भिडण्याचा प्रश्न नाही, कारणाचा प्रश्न आहे. तेव्हा साहेब गंभीर झाले. माणूस मूर्ख नाही, हेच तर दुखणं आहे.

"मग असं करा. महिनाभर जाऊ नका. खांब वर गेला तर तुमचं खरं, आपण दाराचा नियम बदलू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेट्रनबाईंनीसुद्धा. कुणाला यात काही वावगं दिसलं नाही.

मीटिंगनंतर ताई माझ्या स्टोअरमध्ये आल्या आणि एका खोक्यावर बसल्या. मी रागानं नुसती फणफणत होते. साहेबांचा, मेट्रनबाईंचा, कोटवाल्यांचा, सगळ्यांचा उद्धार करून झाला. ताई ऐकत होत्या.

"त्यांचं बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर मीही हेच सांगितलं असतं. चपला आल्यावर थोड्याच दिवसांत मी उभी राहिले. दोन्ही गोष्टी अशा पाठोपाठ बदलल्या की कशाचा परिणाम कसा कळणार?"

"मग नका जाऊ," मी म्हटलं. "एक महिना. घरी बसा, गरम जेवा. एकदाचं कळू दे सगळ्यांना."

"कळेल. पण त्यासाठी पाच-सहा जणांना पडावं लागेल. महिन्याला तेवढे पडायचे." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "अजून ते ॲडमिटसुद्धा झाले नसतील. आत्ता आपापल्या घरी असतील. स्वतःच्या पायांनी चालत येतील इथे."

मी हातातली वही मिटून कपाटात ठेवली.

साहेबांची अट अजून तशीच आहे, आणि चपलांची स्लाइड गावोगाव फिरते आहे. त्या दिवशी ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मला पुढे जायला सांगितलं, आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेल्या.