अंगावरचं औषध

सत्तरीच्या दशकात चुडाव्याजवळच्या आमच्या गावात संकरित कापूस आला आणि त्याच्यामागोमाग फवारणीचं औषध आलं. विषाला औषध म्हणायची पद्धत तेव्हाच पडली. माझा धाकटा भाऊ पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगानं फवारायचा. सदऱ्याला बसलेला वास धुऊनही जात नाही, म्हणून सगळेच तसं करत.

एका दुपारी तो रानातून आला तेव्हा त्याचा उजवा डोळा सारखा लवत होता. आई खूश झाली. धर्मांतरानंतर आम्ही घरातले देव काढले होते, पण शकून तेवढे आईनं राखून ठेवले होते.

"उजवा लवायलाय. रेल्वेचा कागद यील बघ," ती त्याला म्हणाली. नोकरीसाठी त्यानं पूर्णेला अर्ज केला होता.

मग त्याच्या दंडाचं मांस कातडीखाली फुरफुरायला लागलं, पाठोपाठ पोटऱ्यांचं. घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली. बघता बघता तो आडवा झाला आणि हातपाय झाडू लागला. शेजाऱ्यांनी फेफरं ठरवून टाकलं आणि नाकाला चप्पल लावली. मला अंगाच्या वासाचा संशय आला म्हणून मी औषधाचा डबा सोबत घेतला. बाकी पार घाबरून गेलो होतो. हा आता हातचा जातो, एवढंच डोक्यात होतं. बैलगाडीनं चुडावा स्टेशन गाठलं, तिथून रेल्वेनं पूर्णा.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, अंगाचा वास घेतला आणि एकीकडे सुया देत साबणानं अंघोळ घालायला लावली. दुसऱ्या दिवशी थरथर थांबली. मग ते निवांत सांगत बसले. मांस फुरफुरायला कारणं पुष्कळ; थकवा असतो, जागरण असतं. झटके लहान मुलांना तापात येतात, कुणाला फेफऱ्यानं येतात.

"हे मात्र कातडीतून आत गेलं," असं म्हणत त्यांनी डबा फिरवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: अंगभर कपडे घाला, औषध कातडीला लागू देऊ नका.

"घरात वाचता येणारं कुणी नाही का?" त्यांनी भावाला विचारलं.

माझे कान तापले. भाऊ खाटेवरून म्हणाला, "हाय की. दादा मास्तर हाय माझा." आवाज खोल गेला होता, तरी त्यातला अभिमान लपत नव्हता. "पंपाला किती टोपणं घालायची, त्यानंच तर वाचून सांगितलं."