बागिनाचा पास

“एक बटण दाबायचंय, अत्ते. एक. ‘मान्य’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्यासाठी सणासुदीला घरात तोंड पाडून बसायचं?”

रूपाने सासूला हे तिसऱ्यांदा म्हटलं. पुट्टतायम्माने कडबूच्या पारीत सारण भरलं, कड दुमडली, चिमटीने दाबत गेली. दोघींच्या मध्ये पिठाच्या डब्यावर फोन ठेवला होता. त्यावर इंग्रजीत काय लिहून आलंय ते रूपाने सकाळपासून दोनदा वाचून दाखवलं होतं. आपल्या सामानात आणि पासमध्ये फरक आढळला आहे. आपला प्रवेश तूर्त थांबवण्यात आला आहे. यापुढे सामान उघडून पाहण्यास व त्याचे फोटो ठेवण्यास संमती असेल तर ‘मान्य’ दाबावे. सोमवारी सकाळपर्यंत दाबलं नाही तर पुट्टतायम्मा स्वयंपाक करते त्या चारही घरांच्या यादीतून तिचं नाव निघणार होतं.

“तिचा अंगठा धरून दाबून टाक,” चटईवर आडवा पडलेला नटेश म्हणाला. नटेश पुट्टतायम्माचा मुलगा, रूपाचा नवरा, टॅक्सी चालवतो. “माझ्या कंपनीला मी ब्रेक कधी मारला ते कळतं. मुतायला कधी उतरलो तेही कळतं. मी कुणाशी भांडायला जातो का?”

“तू भांडत नाहीस म्हणून ती शहाणी ठरते की काय,” बोरेगौडा विळीवर नारळ खवता खवता म्हणाला.

“मामा, तुम्ही तरी त्यांना भरीला घालू नका.” रूपा सासऱ्याकडे वळली. ती एका मोठ्या कपड्याच्या दुकानात बिलं करते. रोज रात्री दुकान सुटताना पडद्यामागे एक बाई तिला खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपते. तिने तेही सांगून टाकलं. “चार वर्षं चाललंय. मी रडत आले का कधी घरी? लपवण्यासारखं काही नसलं की दाखवायला काय जातं?”

यावर पुट्टतायम्माने मान वर केली. सुनेकडे नुसतं पाहिलं. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने पुढची पारी लाटायला घेतली.

पुट्टतायम्मा अठ्ठावन्न वर्षांची. माहेर मद्दूरकडचं. लग्न होऊन बेंगळुरूत आली तेव्हा बोरेगौडा बल्बच्या कारखान्यात होता. उंबऱ्याबाहेर पळी धरायची वेळ तिच्यावर आली ती कारखाना बंद पडल्यावर, नटेश नववीत असताना. वैदेही अम्मांच्या स्वयंपाकघरात ती पहिल्या दिवशी शिरली तेव्हा तिथे फाटक होतं, अंगण होतं, मागे सीताफळाचं झाड होतं. पुढे जागा बिल्डरला गेली, चौदा मजले उभे राहिले, वैदेही अम्मांना सहाव्या मजल्यावर घर मिळालं आणि त्यांच्याबरोबर पुट्टतायम्माही सहाव्या मजल्यावर गेली. त्याच इमारतीत आणखी तीन घरं तिला मिळाली. सतरा वर्षं झाली.

या सतरा वर्षांत तिने दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. कुणाच्या घराची किल्ली घेतली नाही, आणि उरलेलं अन्न घरी आणलं नाही. दुसरीचं कारण जुनं होतं. तिची आई गावात पाटलाच्या घरी भांडी घासायची आणि संध्याकाळी लुगड्याच्या ओच्यात उरलंसुरलं बांधून आणायची. सारू, म्हणजे पातळ सार, गळून लुगडं पिवळं झालेलं असायचं. पोरं ओच्यावर तुटून पडायची, पुट्टतायम्मासुद्धा, आणि शेजारच्या बायका भिंतीवरून बघत असायच्या. घरमालकिणींना ती हसून सांगे, “मला इथेच वाढा, मी इथेच खाते. नेणार मात्र नाही.” दोघीतिघींना हा तिचा ताठा वाटायचा. वैदेही अम्मांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तिचा शेवटचा भाऊ गेला त्या वर्षी, गणपतीच्या आदल्या दिवशी येणाऱ्या गौरीच्या सणाला, माहेराहून बागिन, म्हणजे सुपातलं वाण, आलं नाही. येणार तरी कुठून? वैदेही अम्मांनी ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पुढच्या वर्षी म्हणाल्या, गौरीच्या सकाळी न्हाऊन, चांगली साडी नेसून ये, त्या दिवशी स्वयंपाक नाही करायचा. दोन नवी सुपं. खालच्या सुपात हळद, कुंकू, काळे मणी, बांगड्या, फणी, आरसा, खण, डाळ-तांदूळ, गूळ. वरून दुसरं सूप पालथं. वैदेही अम्मांनी आपला पदर सुपावर टाकला, हिने आपला, आणि दोघींनी चार हातांनी ते धरलं. त्यानंतर अकरा वर्षं ते चुकलं नाही. पुट्टतायम्मा ते छातीशी धरून चालत घरी आणायची आणि देवापुढे ठेवल्यावरच वरचं सूप उचलायची. वाटेत उघडायचं नसतं. तिच्या आईने उघडलं नव्हतं, आजीने नव्हतं.

गेटवर ते ॲप आलं तेव्हा ती काही वाईट बोलली नव्हती, उलट तिला मजाच वाटली होती. तोंड दाखवलं की दार उघडायचं आणि सहाव्या मजल्यावर वैदेही अम्मांच्या घरात फोन वाजायचा, पुट्टतायम्मा आल्या. ती लिफ्टमधून वर पोचेपर्यंत कॉफीचं दूध गॅसवर चढलेलं असायचं. मग घरोघरून तिला तारे मिळू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी अर्धा तारा कापला, सांबारात हिंग जास्त म्हणून. त्यावर घरात दोन दिवस हसणं चाललं होतं. नंतर आला पास. कामवाल्या बायकांनी बाहेर काहीही न्यायचं तर मालकाने आधी फोनवरून पास द्यायचा, वस्तू कोणती ते यादीतून निवडायचं. गेल्या वर्षीच्या गौरीला पास नव्हता. या वर्षी होता.

वैदेही अम्मांच्या घरचं ॲप त्यांच्या सुनेच्या, मैथिलीच्या फोनवर. ती परवा सकाळी ऑफिसच्या बैठकीत होती. सासूचा फोन आला, बागिन दिलंय, पास दे. मैथिलीने टेबलाखाली फोन धरून यादी पाहिली. वर्तमानपत्रं, जुने कपडे, फर्निचर, भंगार, उरलेलं अन्न. यादी कंपनीने केलेली. बागिन तीत कुठून असणार? डाळ, तांदूळ, गूळ म्हणजे अन्नच, असं मनाशी धरून तिने शेवटचं दाबलं.

गेटवर दिगंत होता. आसामचा, चाळिशीचा माणूस, सहा वर्षं तिथेच. रोज तिला आई म्हणायचा. त्याने पडद्यावर पाहिलं, सुपांकडे पाहिलं, मग तिच्या साडीकडे.

“आई, इथे उरलेलं अन्न लिहिलंय.”

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर कानशिलं तापली. ती म्हणाली, “कुणी लिहिलं?”

त्याने घराचा नंबर सांगितला. फोटो काढल्याशिवाय दार उघडत नाही, असंही हळू आवाजात सांगितलं. मागच्या महिन्यात एकीला तसंच सोडलं म्हणून त्याची दोन दिवसांची सुट्टी कापली होती.  ती सुपं पदराखाली धरून चाळीस मिनिटं कठड्यापाशी उभी राहिली. न्हालेली, काठाची साडी नेसलेली, डोक्यात शेवंती. आतली माणसं गाड्यांतून बाहेर जात होती. एका गाडीच्या मागच्या सीटवर गुंडाळलेला गालिचा होता, दुसरीत चार खोकी. दांडी वर जायची, खाली यायची. मैथिलीचा फोन लागत नव्हता. शेवटी दिगंतच्या वरचा माणूस आला आणि त्याने खिशातल्या पेनाने वरचं सूप उचललं. फोटो काढले. यादी वाचावी तसं मोठ्याने म्हणाला, आरसा एक, फणी एक, कापड एक, बांगड्या. अन्न आहे, पण बाकीचं पासात नाही.

त्याने सूप परत ठेवलं ते तिरकं. ती तसंच घेऊन चालत घरी आली. देवापुढे ठेवलं, पण उघडायला काही उरलं नव्हतं.

काल गणपती बसला म्हणून कुणी विषय काढला नाही. आज काढला.

“आमच्या कारखान्यात गेटपाशी मडकं असायचं,” बोरेगौडाने सुरुवात केली.

“झालं,” नटेश म्हणाला. “आलं मडकं.”

“हात घालायचा. लाल गोटी आली तर झडती, पांढरी आली तर घरी. कामगार घालायचा तसा मॅनेजरही घालायचा. एकदा मोठ्या साहेबाला लाल आली. त्याने कोट काढून दिला. हसत दिला.”

“अप्पा, ते तुम्हाला आपोआप मिळालं नव्हतं. अकरा दिवस संप केला होता तुम्ही. हिच्यासाठी कोण संप करणार?”

बोरेगौडाने नारळाची वाटी फिरवली. हे मात्र खरं होतं. त्या इमारतीत साठ-सत्तर बायका कामाला येतात. त्यांतल्या बहुतेकींनी ‘मान्य’ पहिल्याच आठवड्यात दाबलं होतं. कुणाला वाचता येत नव्हतं, कुणाला वाचून काही फरक पडणार नव्हता.

तेवढ्यात डब्यावरचा फोन वाजला. मैथिली होती. रूपाने आवाज मोठा करून ठेवला.

मैथिली आधी रडवेल्या आवाजात पुष्कळ बोलली. चूक माझी, बैठकीत होते, यादीत दुसरं काही नव्हतं, अत्ते माझ्याशी परवापासून बोलत नाहीत. कंपनीला फोन केला, तिथे माणूस नाही, नुसतं लिहून पाठवायचं. उत्तर आलं, नोंद पुसता येत नाही, बंद करता येते. बंद कधी होणार? तर पुट्टतायम्मांनी संमती दिली की. सोसायटीच्या गटावरही तिने लिहिलं होतं. त्यावर अध्यक्षांचं उत्तर, नियम सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे, एकीसाठी बदलला तर उद्या सगळ्या सण सांगतील. बाकी बाराजणांनी अंगठा दाखवला होता.

“तुम्ही एवढं दाबा, पुट्टतायम्मा. पुढच्या वेळी मी स्वतः खाली येईन तुमच्याबरोबर.”

पुट्टतायम्माने पीठ लागलेले हात परातीवर झटकले. “मैथिली, एक विचारते. तुम्ही घराबाहेर काही नेता तेव्हा पास लागतो?”

“आम्हाला कसा लागेल? ते आमचंच असतं ना.”

“आणि तुमच्या सासूबाईंनी माझ्या पदरात घातलं ते कुणाचं?”

 “तुमचंच,” मैथिली म्हणाली. “पण हे मी कुणाला सांगू?”

ती खोटं बोलत नव्हती. पुट्टतायम्माला तिचा राग आला नाही, आणि राग येत नाही म्हणून जास्त थकवा आला. तिने फोन वैदेही अम्मांना द्यायला सांगितलं. म्हातारीचं ऐकणं आता कमी झालंय. ती एकच म्हणाली, “तू ये गं. मी गॅसवर दूध ठेवते.” फोन बंद झाला.

रूपा आता हळू बोलली. मुलीची, चिन्मयीची शाळा, नटेशच्या गाडीचा हप्ता, घरभाडं, हे सगळं अत्तेंना तिने सांगायची गरज नव्हती, म्हणून तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “ती नोंद कंपनीकडे राहणार. या रस्त्यावरच्या सगळ्या इमारतींना तेच ॲप आहे. उद्या दुसरीकडे गेलात तरी तोंड दाखवल्याबरोबर दिसणार, पासात फरक. दाबलंत तर बंद तरी होईल.”

“दाबलं तर फरक होता हे मी मान्य केलं, असंच ना?”

रूपाने फोन उचलून पुन्हा वाचलं. सावकाश, ओठ हलवत. मग खाली ठेवला. “तसंच लिहिलंय,” ती म्हणाली.

कडबू तळून झाले. पुट्टतायम्माने एका डब्यात पंधरा-वीस घातले, हात धुतले, साडी ठीक केली, फोन घेतला आणि चपला पायात सरकवल्या. कुठे म्हणून नटेशने विचारलं तर म्हणाली, येते. ती गेटकडे गेली असणार, दिगंतला कडबू देईल, त्याच्याकडूनच ते बटण दाबून घेईल, असा रूपाने अंदाज केला आणि तिला हायसं वाटलं. नटेशने बघ, शेवटी गेलीच, म्हटलं. बोरेगौडा विळी धुवत होता. 

ती तासाभराने परत आली. डबा रिकामा होता. केस कानामागे सारून ती आधी घोटभर पाणी प्यायली. चिन्मयी आजीच्या कुशीत शिरायला आली, तिला जवळ घेतलं. मग उभ्या-उभ्याच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच.

“मागच्या गल्लीत केंपम्माचं मुलींचं राहण्या-जेवणाचं पीजी आहे. तिची स्वयंपाकीण गावी गेलीय, परत येत नाही. चाळीस मुली, गेटवर ॲप नाही. सोमवारपासून मी तिथे जाणार.”

“अत्ते, तिथे इथल्या निम्म्यानेही…” रूपा म्हणाली.

“निम्म्याहून थोडं जास्त. विचारून आले.”

“आणि वैदेही अम्मा?” बोरेगौडाने विचारलं.

पुट्टतायम्माचा हात नातीच्या डोक्यावर थांबला. “त्यांना घराबाहेर पडवत नाही, मला गेट ओलांडवत नाही,” ती म्हणाली. “रोज चार वाजता फोनवर बोलेन.”

 तिने डबा मोरीत ठेवला.

“फोनवर कुणी काही दाबायचं नाही. पहाटे साडेचारला मला निघावं लागेल. नटेश, गाडीने सोडायची गरज नाही, चालत जाईन. चिन्मयीची वेणी आणि शाळेचा डबा रूपा बघेल. दुपारचं जेवण ज्याचं त्याने वाढून घ्यायचं.”