टोपलीतली नागलीची भाकर

टोपलीबाईंना एकटं जेवता येत नसे. घरात दुसरं माणूस नसलं की ताट घेऊन त्या उंबऱ्यावर येऊन बसत आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारत. कधी टपालवाला सापडे, कधी बांगड्या विकणारी चाँदबी. चाँदबी म्हणायची, "बाई, मी जेवून निघालेय." बाई म्हणायच्या, "मग नुसती टेक. मी चावते, तू बोल." मग चाँदबी नाशिक शहरातल्या साऱ्या लेकीसुनांच्या मनगटांची हकिगत सांगत बसे आणि बाईंची भाकर संपे. "एकटी बसले की घास तोंडातल्या तोंडात फिरतो गं," असं त्या मला सांगत. सांगताना हसत, पण ते खरंच होतं.

त्यांचं खरं नाव वस्तीत फार कुणी घेत नसे. त्या मिशनच्या बायबलबाई. नवरा आणि मूल एकाच तापात गेलेले, तेव्हापासून देवळामागच्या खोलीत राहत आणि खेडोपाडी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवत. आम्ही ख्रिस्ती लोकही प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणत असू. रविवारी उपासना सुटली की चिंचेखाली सतरंज्या पडत आणि बाई आपली बांबूची टोपली मधे ठेवत. ज्याच्या त्याच्या घरची भाकर त्या टोपलीत जाई, मग टोपली फिरे. नेम एकच होता, आपल्या घरची भाकर आपण उचलायची नाही. बायका एकमेकींचा हात ओळखत. "ही सुंदराबाईची, एका अंगानं कच्ची," असं कुणी म्हटलं की सुंदराबाई म्हणे, "मग दुसऱ्या अंगानं खा."

शनिवारी संध्याकाळी बाई घरोघर जाऊन "उद्या रविवार आहे हं," असं नवी बातमी सांगावी तसं सांगत. एकदा एका टांगेवाल्यानं विचारलं, "बाई, परवा सोमवार आहे, ते नाही सांगत?" त्या म्हणाल्या, "सोमवार तुझा घोडा सांगेल तुला."

मी या वस्तीत आले ती लग्न होऊन, हरसूलकडच्या डोंगरातून. शाळा तिसरीतच सुटलेली. नवरा देवळाली कॅम्पात साहेबाकडे खानसाम्याच्या हाताखाली, आठवडाभर तिकडेच. मला माणसांची भीती वाटे. बोलले की माझं 'हाय' आणि 'नाय' ऐकून पोरी तोंडाला पदर लावत. आमच्या जातीचं नाव मंडळीत कुणी काढत नसे, पण ते कुणी विसरलेलंही नव्हतं.

पहिल्या रविवारी मी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर नेली. मला दुसरी येतच नव्हती. टोपलीत साऱ्या ज्वारी-बाजरीच्या, आणि त्यांत माझी एक काळपट तांबडी. कुणाच्या घरची ते विचारायची गरज नव्हती. टोपली फिरली. हात येत, तिला जरा बाजूला सारत आणि खालची उचलत. शेवटी तळाशी तेवढीच राहिली. बाईंनी ती घेतली, मोडली आणि माझ्याकडे बघत खाल्ली. दुसऱ्या रविवारीही तसंच झालं. मी म्हणाले, "बाई, मी ज्वारीची शिकते." त्या म्हणाल्या, "शीक की. पण इथं हीच आण."

तिसऱ्या रविवारी बाईंनी टोपली फिरवलीच नाही. वर फडकं घातलं आणि हात आत घालून स्वतः एकेकाला भाकर देत गेल्या. माझी भाकर निघाली ती मिस्त्रींच्या वाट्याला. मिस्त्री म्हणजे मंडळीचे पंच. देवळाचं छप्पर त्यांच्या वडिलांनी घातलेलं. बाईंनी ती मुद्दाम दिली की हाताला आली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मिस्त्रींनी भाकर घेतली आणि रुमालात बांधली. "घरी गेल्यावर खाईन."

बाई म्हणाल्या, "इथंच खा ना, मिस्त्री. घरी काय, रोजच खाता."

मिस्त्रींनी रुमाल सतरंजीवर ठेवला, बायकोला उठवलं आणि चालू लागले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, आणि त्यांच्या भाऊबंदांची घरंही आली नाहीत. देवळात पुढची जागा मोकळी दिसू लागली.

बाई दर शनिवारी त्यांच्या दारात जातच राहिल्या. एकदा मी बरोबर होते, कुंपणाबाहेर उभी. मिस्त्री म्हणाले, "आम्ही घरी शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो. देव काय देवळातच असतो?"

"देव आहे हो तुमच्या घरी," बाई म्हणाल्या. "आम्ही नाही ना तिथं."

परतताना मी बाईंना म्हणाले, माझ्यापायी मंडळी फुटली, मीच येत नाही, म्हणजे ते येतील. त्या रस्त्यातच थांबल्या. "यमे, तुला घालवून ते आले, तर ते आले कुणाकडे?" एवढंच बोलल्या आणि पुढे चालू लागल्या. पुढच्या रविवारी पोट दुखतं म्हणून मी घरीच राहिले, तर उपासना सुटल्यावर टोपलीसकट त्या माझ्या दारात, आणि त्यांच्यामागे सुंदराबाई, टांगेवाला आणि निम्मी मंडळी. "यमीचं पोट दुखतंय, म्हणून पंगत इकडं आणली," म्हणाल्या. त्यानंतर माझं पोट कधी दुखलं नाही.

मग त्यांचा खोकला सुरू झाला. मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी क्षय सांगितला. कुणी काही म्हणायच्या आत बाईंनी आपली भाकर टोपलीतून काढून घेतली, टोपली सुंदराबाईच्या हाती दिली आणि ताट-तांब्या वेगळा केला. उपासनेला येणं मात्र सोडलं नाही. देवळाच्या खिडकीखाली, बाहेर, गोणपाट टाकून बसत. आत गीत सुरू झालं की बाहेरून त्यांचा फाटका आवाज येई. आम्ही जेवायला बसलो की त्या लांब, विहिरीच्या कठड्याशी. ज्या बाईला एकटीला घास गिळवत नसे, तिच्यावर ही वेळ आली होती.

मी माझं ताट घेऊन त्यांच्याकडे निघाले, तर त्यांनी हात वर करून मला मधेच थांबवलं. "तिथंच बस. मी तुझ्याकडे बघते, तू माझ्याकडे बघ. झाली पंगत." आम्ही तशा जेवत असू. त्या फार थोडं खात. थंडी वाढल्यावर त्यांना खाटेवरून उठवेना. तेव्हा रविवारी मी त्यांच्या दाराबाहेर बसून जेवे. शेवटच्या दिवसांत त्या दर वेळी एकच विचारत, "मिस्त्री आले होते?" नाही म्हणायला माझी जीभ रेटत नसे, आणि खोटं सांगायचं धाडस नव्हतं. मी ताटातली भाकर मोडत राही. त्या म्हणत, "बरं. पुढल्या रविवारी."

नाताळाच्या अगोदर बाई गेल्या. पेटी मिस्त्रींनी केली. सागवानी फळ्या, कोपरे नीट जुळवलेले. मातीला सारे आले, आणि माती देऊन मिस्त्री आपल्या वाटेनं गेले.

उन्हाळ्यात साहेबाची बदली रावळपिंडीला झाली आणि माझ्या नवऱ्याला बरोबर जावं लागलं. निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी धीर करून मिस्त्रींच्या दारात गेले. मिस्त्रींची बायको भाजी निवडत होती. मी म्हणाले, "आम्ही उद्या चाललो, काकू." त्या भोळेपणानं म्हणाल्या, "जातेस होय? मग आता येऊ आम्ही रविवारचे."

मला हसावं की रडावं कळेना. आतून मिस्त्री बाहेर आले. बायकोकडे बघितलं, मग खाली बघत राहिले. म्हणाले, "गाडी कधीची?"

"दुपारची."

"म्हणजे सकाळी उपासनेला आहेस."

"हाय," मी म्हणाले.

ते आत गेले.

रविवारी दुसऱ्या गीताच्या वेळी मागे चपला वाजल्या. मिस्त्री, काकू आणि मागोमाग भाऊबंद येऊन पुढच्या जागेवर बसले. पाळकबाबांचा आवाज मधेच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी सवयीनं खिडकीकडे बघितलं.

उपासना लांबली. बाहेर टांगा उभा होता, नाशिक रोडला पोचायला उशीर होत होता. चिंचेखाली सतरंज्या पडत होत्या. मी माझी भाकर टोपलीत ठेवली, साऱ्यांचे हात धरले आणि टांग्यात चढले. वळणावरून मागे पाहिलं, तर सुंदराबाई टोपलीवर फडकं घालत होती आणि मिस्त्री अजून उभे होते, बसले नव्हते.

इथं रावळपिंडीच्या देवळात उपासना पंजाबीत होते, तरी आम्ही जातो. सुंदराबाईचं पत्र अधूनमधून येतं, टांगेवाला तिच्यासाठी ते कुणाकडून तरी लिहवून घेऊन पाठवतो. त्या रविवारी माझी भाकर कुणी खाल्ली, हे तिला विचारावं असं दर वेळी मनात येतं. अजून विचारलेलं नाही.